परदेशी पासपोर्ट आणि नागपुरातली जुनी गाडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) नागपूरला परतलेले, मिहानमधल्या कंपनीत नोकरीच्या व्हिसावर आलेले, व्हीएनआयटी, एम्स किंवा आयआयएममध्ये शिकायला-शिकवायला आलेले, आणि आपल्या परदेशी जावयासाठी किंवा सुनेसाठी गाडी शोधणारे घरचे लोक, या सगळ्यांसाठी ही माहिती आहे. गाडी निवडणं त्यातलं सोपं काम. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, तुमचं नाव चढेपर्यंत व्यवहार पुरा झालेला नसतो, आणि अडतं ते बहुतेक वेळा तिथेच.

भारतीय नागरिक नसलेल्या माणसाच्या नावावर गाडी होते का?

होते. मोटार वाहन कायद्यात मालक भारतीय नागरिक असावा अशी अट नाही. आरटीओला तीन गोष्टी कळायला हव्यात : माणूस कोण, तो राहतो कुठे, आणि गाडी उभी कुठे राहणार. ओळखीसाठी पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्ड पुरतं. खरी अडचण पत्त्याची असते. पर्यटक व्हिसावर आलेल्यांनी गाडी विकत घेण्याच्या फंदात पडू नये. हॉटेलचा पत्ता आरसीवर चढत नाही, त्यापेक्षा भाड्याची गाडी परवडते.

पत्त्याचा पुरावा कोणता लावायचा?

पासपोर्टवरचा पत्ता परदेशातला असतो किंवा नसतोच, त्यामुळे इथे त्याचा उपयोग नाही. कामाला येतात ते कागद असे :

आधार असेल तर काम निम्म्याने हलकं होतं. आधार फक्त नागरिकांना मिळतं हा गैरसमज आहे. मागच्या १२ महिन्यांत १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलेल्या परदेशी रहिवाशालाही ते काढता येतं. ओसीआयधारकांचं आधार १० वर्षांसाठी असतं, इतरांचं साधारणपणे व्हिसाच्या मुदतीपर्यंत. नुकतेच आलेले असाल तर १८२ दिवस भरेपर्यंत खालच्या कागदांवर भागवावं लागतं.

भाड्याने राहत असाल तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्रात हा करार नोंदवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. ५०० च्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला कागद घरमालकाला पुरेसा वाटतो, पण तो आरटीओच्या खिडकीवरून परत येतो. नोंदणी ऑनलाइन होते. करारात फ्लॅट क्रमांक, ले-आउट (वसाहत) आणि पिनकोड सगळं लिहून घ्या. ‘धरमपेठ, नागपूर’ एवढ्या पत्त्यावर आरसी टपालाने पोहोचत नाही.

१८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर असाल तर आल्यापासून १४ दिवसांत ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते. ओसीआयधारकांना यातून सूट आहे. या नोंदणीच्या कागदावर तुमचा इथला पत्ता असतो आणि आरटीओत त्याला वजन आहे. मात्र घर बदलल्यावर तिथला पत्ता बदलायचा राहून जातो. मग करार एका ले-आउटचा, नोंदणी दुसऱ्याच पत्त्याची, आणि अर्ज परत. आधी तिथे दुरुस्ती करा, मग गाडीचा अर्ज टाका.

यातलं काहीच जमत नसेल तर केंद्रीय नियमांत शपथपत्राची सोय आहे. पण ते शेवटचा मार्ग म्हणून ठेवा. सोबत कंपनीचं किंवा संस्थेचं पत्र जोडा.

पासपोर्टवर नाव एक, पॅनवर दुसरं. चालेल का?

आज चालेल, पुढे विम्याच्या दाव्यात अडेल. परदेशी पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगळ्या रकान्यांत असतं, मधलं नाव कधी असतं कधी नसतं. आपल्याकडे अर्ज भरणारा त्यात वडिलांचं नाव घालतो. लग्नानंतर माहेरचं-सासरचं आडनाव मिसळतं ते निराळंच. पासपोर्टवरचं पूर्ण नाव हा पाया धरा आणि पॅन, बँक खातं, विमा, आरसी सगळीकडे अक्षरन् अक्षर तेच ठेवा. पॅन आधीच काढून ठेवा, बँक, विमा कंपनी आणि डीलर तिघेही मागतात.

एवढा खटाटोप कशाला? सासऱ्यांच्या नावावर घेतली तर?

घेता येते आणि पुष्कळ जण घेतातही. पण गाडी तुम्ही चालवणार आणि मालक ते, याचा अर्थ अपघाताच्या भरपाईत, चलनात, पोलीस चौकशीत पहिलं नाव त्यांचं. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आरसीवरच्या मालकाला असतो, तुम्हाला लागू होत नाही. त्यांच्या पश्चात गाडी वारसांच्या नावावर करण्याचं काम वेगळं. वर्षभराहून अधिक राहणार असाल तर गाडी स्वतःच्याच नावावर घ्या, असंच आम्ही सांगतो.

नागपुरात तीन आरटीओ आहेत. आपलं कोणतं?

एमएच-३१ शहर, एमएच-४९ पूर्व नागपूर, एमएच-४० ग्रामीण. अर्ज तुमच्या पत्त्यावरून जातो, गाडीच्या पाटीवरून नाही. एमएच-४० ची गाडी घेऊन तुम्ही शहरात राहत असाल तरी नंबर बदलत नाही. पुण्याच्या एमएच-१२ चंही तसंच, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नंबर कायम राहतो.

गाडी बघायला कधी जावं?

दोनदा जा. एकदा सकाळी, इंजिन थंड असताना. ‘आम्ही येईपर्यंत सुरू करू नका’ असं आधीच सांगा आणि पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर कोल्ड स्टार्टची खोड लपवली असू शकते. थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू व्हावं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखा पांढरट थर दिसला तर कूलंट ऑइलमध्ये मिसळत असण्याची शक्यता आहे, तिथून निघा.

दुसऱ्यांदा भर दुपारी जा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा या शहरात एसी ही चैन राहत नाही. गाडी उन्हात अर्धा तास उभी करून मग एसी लावा. धावताना थंड आणि सिग्नलला उभी राहिली की कोमट हवा येत असेल, तर कंडेन्सरचा पंखा कमजोर आहे किंवा गॅस कमी आहे. ‘फक्त गॅस भरायचा आहे’ हे उत्तर स्वीकारू नका. गॅस आपोआप संपत नाही, कुठून तरी गळतो. कूलिंग कॉइल बदलायची झाली तर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि मजुरीच मोठी होते. त्याच वेळी तापमानाचा काटा आणि रेडिएटरचा पंखाही बघून घ्या.

वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीची हेडलाइटची काच पिवळी पडते, दारांची रबरं कडक होतात, डॅशबोर्डला चिरा जातात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात : ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५ वा आठवडा. खाचा खोल दिसल्या तरी सहा-सात वर्षांचा, बारीक भेगा पडलेला टायर इथल्या उन्हाळ्यात समृद्धी महामार्गावर नेण्याच्या लायकीचा नसतो. चारही बदलायचे धरूनच भाव करा.

चाचणीसाठी शहरातले सिमेंट रस्ते फार उपयोगाचे. काचा बंद, रेडिओ बंद, ताशी ४० च्या वेगाने सांध्यांवरून गाडी न्या. ‘ठक्’ असा एकच बोथट आवाज ठीक. ‘खडखड’ झाली तर सस्पेन्शनमधला लिंक रॉड, बुश किंवा स्ट्रट माउंट गेलेलं आहे.

पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सीताबर्डीपर्यंत घुसलं. तळघरांत आणि रस्त्यांवर उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या. यातल्या काही विमा कंपनीने टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही अशा, ठरवल्या. अशा गाड्या भंगाराच्या भावात जातात आणि धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. बाहेरून त्या चकचकीत दिसतात.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. खालच्या टोकाला मातकट डागाची रेघ असेल तर पाणी तिथवर चढलं होतं. पायाखालचा गालिचा एका कोपऱ्यातून उचलून फेल्टला हात लावा, नाकाजवळ न्या. कुबट वास अत्तराने झाकला जात नाही. स्टेपनीचा खड्डा, सीटखालचे रूळ आणि बोल्ट, डॅशबोर्डखालच्या वायरींचे सॉकेट बघा. गंज किंवा हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर गाडी कितीही स्वस्त असो, घेऊ नका. इंजिन दुरुस्त होतं. ओल्या झालेल्या वायरिंगच्या तक्रारी मात्र वर्षभराने एकेक करून निघत राहतात. कधी पॉवर विंडो बंद, कधी एबीएसचा दिवा, कधी एअरबॅग मॉड्यूल. शंका असेल तर विक्रेत्याकडून २०२३-२४ ची पॉलिसी आणि त्यावरच्या दाव्याचा तपशील मागा.

ठोकलेली गाडी आणि मागे फिरवलेलं मीटर?

मूळ रंगाची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. पेंट गेजवर (रंगाची जाडी मोजणारं यंत्र) एखाद्या दारावर ३०० च्या वर आकडा आला तर खाली पुट्टी आहे. दार रंगवलेलं असणं मोठी गोष्ट नाही. छत, खांब आणि पुढचे चेसिसचे दांडे सरळ केलेले असतील तर नको. सगळ्या काचांवरचा वर्षाचा कोड जुळतो का बघा. इग्निशन देताच एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर दिवाच काढून टाकलेला असू शकतो.

मीटरसाठी अधिकृत वर्कशॉपमधला सर्व्हिस इतिहास मालकासोबत जाऊन मिळवा. ३० हजार किलोमीटर सांगितलेल्या गाडीचं ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असेल तर तो आकडा खोटा आहे.

बयाणा देण्याआधी कोणते कागद तपासायचे?

परिवहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाका : मालकाचं नाव, नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी, बोजा (कर्जाची नोंद) आणि काळ्या यादीची नोंद दिसते. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरशी स्वतः जुळवा. फोटोवर विसंबू नका.

कर्जाची गाडी असेल तर आरसीवर बँकेचा बोजा असतो. कर्ज फिटलं म्हणजे बोजा उतरला असं नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लावून तो आरटीओत उतरवावा लागतो. ‘एनओसी आली आहे, बाकी तुम्ही करून घ्या’ म्हणणाऱ्याला म्हणा, तुम्ही करा, मग बोलू.

चलनं वाहतूक पोलिसांच्या ई-चलन पोर्टलवर बघा. जुनं चलन विक्रेत्यानेच भरायचं. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसलेली हवी, नाहीतर हस्तांतरणाचं काम अडतं. चारचाकीचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी आहे, पण नोंदणीकृत मालकालाच ती मागवणं सोपं जातं. म्हणून बयाण्याआधी लावून घ्या. बाहेरून सीएनजी किंवा एलपीजी किट बसवलं असेल तर आरसीवर त्याची नोंद आणि सिलिंडरची मुदतीतली हायड्रो टेस्ट (दाबाची चाचणी, सीएनजीला दर तीन वर्षांनी), दोन्ही बघा.

एमपी, सीजी किंवा दिल्लीची गाडी स्वस्त मिळतेय. घ्यावी?

सिवनी, छिंदवाडा, रायपूर जवळ, त्यामुळे अशा गाड्या इथे भरपूर दिसतात. भाव कमी का, ते समजून घ्या. १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी, वाहन चोरीचं नाही याचा अहवाल, आरटीओत गाडीची तपासणी आणि वयाप्रमाणे महाराष्ट्राचा एकरकमी कर हे सगळं आलं. नव्या पेट्रोल गाडीला हा दर १० लाखांपर्यंत ११ टक्के, डिझेलला १३ टक्के असतो. जुन्या गाडीला वय धरून कमी होतो. त्या राज्यातला उरलेला कर परत मिळवायचा अर्ज तिकडेच करायचा असतो आणि तो मूळ मालकाच्या सहकार्याशिवाय होत नाही.

दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली, म्हणून त्या बाहेरच्या राज्यांत येतात. परदेशी पासपोर्टवर, पत्त्याचे कागद आधीच नाजूक असताना, दोन राज्यांच्या आरटीओंचं काम अंगावर घेऊ नका. ३०-४० हजार जास्त देऊन स्थानिक गाडी घेतलेली बरी.

डीलरकडून की थेट मालकाकडून?

थेट मालकाकडून घेतली तर गाडीचा पूर्वेतिहास विचारता येतो आणि खासगी व्यक्तीच्या विक्रीवर जीएसटी नाही. डीलर त्याच्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी भरतो, तो भावात धरलेला असतो. डीलरकडून घ्यायची तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र आहे का विचारा. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांप्रमाणे गाडी त्याच्या ताब्यात आल्याची नोंद फॉर्म २९-सी ने पोर्टलवर झालेली असावी लागते. त्याऐवजी हस्तांतरणाच्या कोऱ्या फॉर्मवर मालकाची सही घेतलेला ‘टीटीओ सेट’ दाखवत असेल, तर मूळ मालकाशी फोनवर तरी बोला. तो मालक मधल्या काळात वारला, किंवा त्याने मोबाइल नंबर बदलला, की तो सेट रद्दी होतो.

पैसे कसे द्यायचे?

परदेशी खात्यातून थेट विक्रेत्याला पाठवू नका, त्याची बँक त्याला प्रश्न विचारत बसेल. आधी स्वतःच्या इथल्या खात्यात, एनआरओ, एनआरई (ही अनिवासींची खाती) किंवा रहिवासी, जे असेल त्यात आणा. २ लाखांपर्यंत एनईएफटी, त्यावर आरटीजीएस. यूपीआयची सर्वसाधारण रोजची मर्यादा १ लाख आहे. २ लाख किंवा जास्त रोख घेणं विक्रेत्याला महागात पडतं, दंड तेवढ्याच रकमेचा असतो.

बयाणा ५ ते १० हजार, पावतीसह, आणि ‘कागदपत्रांत दोष निघाल्यास परत’ हे वाक्य त्यात लिहून. मोठी रक्कम आणि हस्तांतरणाच्या अर्जाचा ओटीपी (तो विक्रेत्याच्या मोबाइलवर येतो) एकाच बैठकीत. ही एक गोष्ट पाळलीत तर बहुतेक फसवणुकी टळतात.

नावावर करायचा अर्ज प्रत्यक्षात कसा होतो?

परिवहन पोर्टलवर महाराष्ट्र निवडा, गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाका. ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर, म्हणजे विक्रेत्याकडे जातो. तो नंबर बंद असेल तर आधी विक्रेत्याने तो बदलून घ्यायचा. मग मालकी हस्तांतरण निवडून तुमचा तपशील भरा, शुल्क भरा. दोघांकडे आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल असेल तर काम घरबसल्या होऊ शकतं. तुमच्याकडे आधार नसेल तर अर्ज छापून मूळ कागदांसह कार्यालयात द्यावा लागतो. एजंट ‘होऊन जाईल’ म्हणाला तरी स्वतःच्या आधारऐवजी दुसऱ्याचं आधार वापरू देऊ नका.

संचात हे हवं : हस्तांतरणाच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, मूळ आरसी, चालू विमा आणि पीयूसी, दोघांची ओळख व पत्ता, पॅन, फोटो, पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि व्हिसा किंवा ओसीआयची स्वसाक्षांकित प्रत, आणि चेसिस नंबरची पेन्सिलने उठवलेली छाप. छाप घेण्याआधी तो भाग ओल्या फडक्याने पुसा. धुळीवर घेतलेली अस्पष्ट छाप परत येते. विक्रेत्याची सही जुन्या नोंदीशी जुळली पाहिजे.

चारचाकीचं हस्तांतरण शुल्क ३०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २००. तुम्ही कर्ज काढलं असेल तर बोजा चढवण्याचे १५००. टपालखर्च वेगळा. एजंट याच्या कितीतरी पट मागतो, तेव्हा सरकारी पावती वेगळी मागा.

विक्रेत्याने आरटीओला १४ दिवसांत कळवायचं असतं (दुसऱ्या राज्यातला खरेदीदार असेल तर ४५), आणि खरेदीदाराने ३० दिवसांत. ताबा घेताना डिलिव्हरी नोटवर (ताबापावतीवर) तारखेसोबत वेळही लिहा. त्या मिनिटाआधीची चलनं विक्रेत्याची, नंतरची तुमची. विक्रेत्यालाही हे समजावून सांगा : फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे. हे कळल्यावर टाळाटाळ करणारा विक्रेताही ओटीपी द्यायला येतो.

विमा आपोआप येतो ना?

अर्धाच. तृतीय पक्षाचं संरक्षण गाडीसोबत येतं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं नाही. १४ दिवसांत विमा कंपनीला अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) माणसाचा असतो, गाडीचा नाही. विक्रेत्याला ५० टक्के सवलत असेल तर तो फरक तुम्हाला भरावा लागेल, तो भाव ठरवतानाच धरा.

फास्टॅगचं काय?

विक्रेत्याने त्याचा बंद करायचा, तुम्ही नवा घ्यायचा. जुना तसाच ठेवला तर नवा टॅग त्या नंबरला लागत नाही.

परदेशी लायसन्सवर चालवता येईल?

आंतरराष्ट्रीय परवाना आणि मूळ लायसन्स दोन्ही जवळ असतील तर जास्तीत जास्त वर्षभर. राहायलाच आला असाल तर इथलं लायसन्स काढा : आधी शिकाऊ, ३० दिवसांनी पक्कं. पत्त्याचे कागद तेच लागतात, म्हणून दोन्ही अर्ज एकाच वेळी तयार करणं सोयीचं.

मालक वारलेला आहे, मुलगा विकतोय. घेऊ का?

आधी गाडी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर होऊ द्या. इतर वारसांची संमती त्यातच येते. मगच तुमचा व्यवहार.

१५ वर्षं होत आलेली गाडी?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर आरटीओत तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. त्याचं शुल्क ५००० रुपयांपासून सुरू होतं, शिवाय पर्यावरण कर. तीन-चार वर्षं राहणाऱ्याने ही गाडी घेऊ नये, विकताना गिऱ्हाईक मिळत नाही.

परत जाताना गाडी विकायची आहे. काय लक्षात ठेवू?

तिकिटाच्या किमान दीड-दोन महिने आधी सुरुवात करा. ओटीपी तुमच्या इथल्या सिमवर येतात, ते बंद झालं की तिकडून काहीच करता येत नाही. व्हिसाची मुदत संपली की आधारही संपू शकतं. कर्ज असेल तर बोजा उतरायला लागणारा वेळ वेगळा धरा. खरेदीदाराकडून डिलिव्हरी नोट आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या, फास्टॅग बंद करा, नो क्लेम बोनसचं पत्र मागून घ्या. ते तीन वर्षांपर्यंत वापरता येतं, पुन्हा भारतात आलात तर कामाला येईल. आणि विमानात बसण्याआधी एमपरिवहनवर नंबर टाकून बघा. तिथे अजून तुमचंच नाव दिसत असेल तर घरातल्या विश्वासू माणसाकडे अर्जाची पावती आणि सह्या केलेल्या कागदांच्या प्रती ठेवून जा, आणि ते सिम चालू ठेवा.